कोपऱ्यातली शेळी

साहेबराव पटाकडे पाठ करून बसले आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणाले, "हं. आता मांड."

विशाखाने फरशीवर खडूने आखलेल्या पटावर तीन गोटे ठेवले. हे वाघ. शेळ्यांसाठी आईने चिंचोक्यांची बरणी पुढे सरकवली होती, तीही "खेळ झाला की एकूण एक परत बरणीत" असं बजावून.

"पप्पा, इकडे तोंड करा की. पट समोर मांडलाय."

"मला असंच जमतं. मी सांगतो, तू ठिवत जा."

आणि खरंच जमत होतं. ते घर सांगायचे, विशाखा तिथे चिंचोका ठेवायची. वाघ तीच चालवत होती. वाघाने शेळीवरून पलीकडच्या रिकाम्या घरात उडी मारली की शेळी मेली. शेळ्यांनी मिळून वाघांना असं कोंडलं की एकालाही हलता येऊ नये, की वाघ हरले. एवढाच खेळ. साहेबराव तो पाठीने खेळत होते आणि एकदाही कुठली शेळी कुठे आहे, असं विचारत नव्हते.

"आता कोपऱ्यात," ते म्हणाले. "लिंबाच्या बाजूच्या कोपऱ्यात."

खोलीत लिंब नव्हता. रांजणगावातल्या त्या दोन खोल्यांच्या खिडकीतून शेजारचं पत्र्याचं शेड दिसायचं, आणि त्याच्या पलीकडून वाळूजच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या बसगाड्यांचे हॉर्न ऐकू यायचे. विशाखाचं बोट क्षणभर अडलं. मग कोणता लिंब ते तिच्या ध्यानात आलं आणि तिने चिंचोका ठेवला. तिन्ही वाघ जागच्या जागी कोंडले गेले.

"ठिवली?"

"ठेवली."

"कोपऱ्यातच ना?"

"कोपऱ्यातच, पप्पा."

तरी साहेबरावांनी मान वळवून एकदा बघून घेतलंच. पोटच्या पोरीच्या हातावरही त्यांचा भरवसा नव्हता. याचं कारण विशाखाला ठाऊक होतं, आणि म्हणूनच तर ती हा पट मांडून बसली होती.

गोष्ट विद्यापीठाच्या नामांतराच्या आदल्या सालातली. त्यांचं गाव पिशोरच्या अलीकडे, रस्ता सोडून जरा आत. चावडीपुढे लिंबाचा पार, आणि पाराच्या मधोमध एका दगडात कोरलेला वाघ-शेळीचा पट. पार साऱ्या गावाचा, असं सगळेच म्हणायचे. फक्त बौद्धवाड्यातल्या माणसाने त्यावर चढायचं नाही, एवढंच काय ते. हे कुणी कुठे लिहून ठेवलं नव्हतं, त्यामुळे ते कुणाला खोडताही येत नव्हतं.

पारावर वाघ घेऊन बसायचे ते तात्यासाहेब. ते कधी हरत नसत, कारण ज्यांना त्यांना हरवता आलं असतं त्यांची काही ना काही कामं त्यांच्याकडे अडलेली असायची. तरण्या साहेबरावाचं काहीच अडलेलं नव्हतं. तो एक दिवस पाराखाली उभा राहून म्हणाला, "मी खेळतो."

लोक हसले. तात्यासाहेब त्या दिवशी खुशीत होते. म्हणाले, "खेळ की. पन खालूनच खेळ. तू सांग, मी ठिवतो."

वर माणसांच्या पाठींची भिंत. खालून पट दिसायचा प्रश्नच नव्हता. साहेबरावाने तो डोक्यात मांडला आणि एकेक घर सांगत गेला. डाव रंगला. पारावरचा चहा कपात गार झाला. दोन वाघ कोंडले, तिसऱ्याला एकच उडी उरली होती, कोपऱ्यातल्या रिकाम्या घरात. तेवढं घर बुजवलं की खेळ खलास. साहेबराव म्हणाला, "कोपऱ्यात. लिंबाच्या बाजूच्या."

तात्यासाहेबांनी शेळी उचलली आणि कोपरा सोडून शेजारच्या घरात ठेवली. लगेच वाघ उचलला आणि उडी मारून त्याच कोपऱ्यात बसवला.

"मारली!"

"मी कोपरा म्हनलो व्हतो."

"शेजारचं म्हनलास. आन कोपऱ्यात तर माझा वाघ बसलाय. खालून तुला काय दिसतंय, साहेब्या?"

पार हसला. साहेबरावही हसला. खाली एकटा उभा असलेला पोरगा, न हसेल तर जाईल कुठे?

पुढे साहेबराव वाळूजला आले, कारखान्यात लागले, कायम झाले, लग्न केलं, लेकीला शिकवलं. पण गावात त्या डावाची म्हण होऊन बसली. गिरणीवर, रेशनच्या रांगेत, ग्रामसभेत कुणी वाकडा प्रश्न विचारला की समोरचा म्हणणार, "खालून काय दिसतंय?" आणि चारचौघं हसणार. बऱ्याच जणांना आता त्यामागची गोष्टही ठाऊक नव्हती. दात पडले तरी चावा राहिला होता.

विशाखाने ती म्हण लहानपणापासून ऐकली होती, पण तिचा काटा तिला रुतला तो गेल्या मे महिन्यात. चुलतभावाच्या लग्नाला ती वडिलांबरोबर गेली होती. नव्या रस्त्याची नाली उलट्या उताराने काढलीय, पावसाळ्यात पाणी वस्तीत शिरेल, असं साहेबराव हॉटेलापुढे कुणाला तरी सांगत होते. एक पोरगा, त्या डावाच्या वेळी जन्मलाही नसेल असा, बाइकवर बसल्या बसल्या म्हणाला, "खालून काय दिसतंय, काका?"

आणि तिच्या देखत वडील हसले.

त्या पोराला ती माफ करू शकली असती. ते हसणं तिला माफ करता येईना. वडिलांना माफही करता येईना, आणि त्यांच्यावर रागही धरवेना. मग तो सगळा राग वाट शोधत पारावर जाऊन बसला.

वाट सापडली ती कॉलेजात. तिसऱ्या वर्षाला कॉम्प्युटर शिकताना तिला एक प्रकल्प मिळाला होता. जगभरचे जुने पटावरचे खेळ गोळा करून मोबाइलवर फुकट खेळता येतील असे करायचे. काम करणारे सगळे हौशी, देशोदेशीचे. आतलं सगळं कोडिंग सगळ्यांना उघडं. कुणीही बदल सुचवावा, दुसऱ्यांनी तो तपासावा, पसंत पडला तर तो खेळात मिसळतो. पैसा कुणालाच नाही. "मग मिळतं काय गं?" असं हॉस्टेलवरच्या मैत्रिणी विचारायच्या, तेव्हा विशाखाला सांगता यायचं नाही. तिने आपल्या गावचा वाघ-शेळीचा पट त्यात घातला, दोन-तीनदा चुका काढून परत आला, मग स्वीकारला गेला. ज्या देशांची नावं तिने भूगोलातही वाचली नव्हती तिथली माणसं पिशोरकडच्या शेळ्या हलवायला लागली. त्या रात्री तिला आनंदाने झोप आली नव्हती.

आता तिला दुसरंच काही करायचं होतं, आणि त्यासाठीच ती आज पट मांडून, लॅपटॉप उघडून वडिलांजवळ बसली होती.

"याचं नाव काय ठिवलंस?" साहेबरावांनी लॅपटॉपकडे बघत विचारलं.

"तात्यासाहेब. गावाच्या नावासकट."

तिने समजावून सांगितलं. एकट्याने खेळायचं असेल तर समोर कॉम्प्युटर खेळतो. त्यात हा एक नवा गडी. वाघ हाच घेणार, हावऱ्यासारख्या उड्या मारणार. आणि कोंडला जायची वेळ आली की खेळणाऱ्याने ठेवलेली शेळी हळूच शेजारच्या घरात सरकवणार, उडी मारणार, आणि पडद्यावर ज्याच्या त्याच्या भाषेत अक्षरं उमटणार, खालून काय दिसतंय?

"जगातला प्रत्येक माणूस त्याला शिव्या घालेल, पप्पा. रोज घालेल. तो मेल्यावरसुद्धा."

विशाखाची आई केसरबाई आतूनच, भाकरी थापता थापता म्हणाली. "आन त्याला काय त्याचं? ऐकू तरी येतं का त्याला आता? फोन आला की पारावर बसून असा मोठ्यानं लावतो, त्याच्या सुनेची भांडनं साऱ्या गावाला पाठ झालीत."

"तात्यासाहेबांना," साहेबराव सवयीने म्हणाले.

"व्हय, तात्यासाहेबांना!" आतून तव्याचा आवाज आला.

साहेबराव चिंचोके गोळा करून बरणीत टाकू लागले. शेवटचा चिंचोका बोटांत धरून त्यांनी विचारलं, "त्यांना कळंल का पन?"

"काय?"

"तात्यासाहेब हरले ते."

"लोकांना कळेल ना."

"लोकांचं काय," साहेबराव म्हणाले आणि त्यांनी बरणीला झाकण लावलं. दुपारपाळीची बस यायची वेळ झाली होती. डब्याची पिशवी घेऊन ते निघून गेले.

विशाखा हॉस्टेलवर परतली ती दात-ओठ खातच. आठवडाभर लेक्चर संपलं की लायब्ररीच्या कोपऱ्यात बसून ती तात्यासाहेबांना घडवत राहिली. सूड घ्यायचा माणूसही आधी नीट घडवावा लागतो, हे तिला नव्याने कळत होतं. आधी तो फार हुशार झाला, मग फार बावळट. शेवटी जमला. हावरा, उतावळा, आणि हरायची वेळ आली की शांत. ती स्वतःच त्याच्याशी खेळून बघायची. आपणच लिहिलेली फसवणूक, कधी होणार हेही माहीत, तरी शेळी शेजारच्या घरात सरकली की तिचे कान तापायचे. कान तापले म्हणजे बरोबर जमलं, असं ठरवून तिने काम पाठवून दिलं.

उत्तर आलं ते कॅन्टीनमध्ये पोहे खात असताना. काम तपासणारी बाई मार्ता नावाची होती. पोलंडमध्ये कुठेशी शाळेत गणित शिकवायची आणि उरलेल्या वेळात हे सांभाळायची. तिने लिहिलं होतं, कोडिंग स्वच्छ आहे, वाघाला स्वभाव आहे, पण हे घेता येणार नाही. खाली कारण दिलं होतं, आणि त्याच्याही खाली एक विनंती. विशाखाने घेता येणार नाही एवढंच वाचलं, पुढच्या ओळींवरून नुसती नजर फिरवली. पोह्यांवरचं लिंबू तिने असं पिळलं की बी उडून शेजारच्या टेबलावर गेली.

तिने लांबलचक उत्तर लिहायला घेतलं. तुम्हाला पार म्हणजे काय ते माहीत आहे का? खाली उभं राहून खेळणं म्हणजे काय? अर्धं लिहून तिने ते पुसलं. इथेही ठरवणारे वर बसलेले, आणि आपण खालून सांगायचं. ठेवायचं की नाही, ते त्यांच्या हातात. पार काय, पोलंड काय!

सुट्टीच्या दिवशी सकाळी ती घरी आली, तेव्हा साहेबराव अंगणात टाकीला नळी लावत होते. तिने चप्पलही काढली नाही.

"नाही घेतलं त्यांनी."

"का?"

"नियमात बसत नाही म्हणे."

तिला वाटलं होतं, वडीलही चिडतील, निदान हळहळतील. साहेबरावांनी नळ बंद केला, हात पुसले आणि आत येऊन सतरंजीवर बसले. "काय लिवलंय नेमकं? मराठीत सांग."

विशाखाने मोबाइल काढला आणि ती एकेक वाक्य मराठीत करत गेली. "खेळाडूच्या खड्याला फक्त खेळाडूच हात लावतो. समोरचा कुणीही असो, माणूस असो की यंत्र, तो त्या खड्याला हात लावू शकत नाही. लावला, तर डाव तिथंच संपतो आणि हात लावणारा हरतो. हा आमचा पहिला नियम आहे. तुझा तात्यासाहेब जिंकला असं तू पडद्यावर दाखवतेस, ते खोटं आहे. तो हरलेला आहे."

आत भांड्यांचा आवाज थांबला.

"पुन्ना वाच," साहेबराव म्हणाले.

तिने पुन्हा वाचलं. या वेळी सावकाश, कारण या वेळी ती स्वतःही पहिल्यांदाच नीट वाचत होती.

"म्हंजे कोन जिंकलं?"

"तुम्ही, पप्पा."

"ही बाई कोन? आपल्यातली हाय का?"

"नाही हो. पोलंडची आहे. शाळेत शिकवते."

"तिला मी म्हाईत हाय?"

"नाही."

"तात्यासाहेब?"

"तेही नाही. तिला वाटतंय, मी मनानेच रचलंय सगळं."

साहेबरावांनी गालावरचे खुंट खाजवले. "ना आपली, ना त्याची," ते म्हणाले. "आन तरी म्हनली." एवढ्या वर्षांत असं म्हणणारं एकही माणूस त्यांना भेटलं नव्हतं. त्यांची बाजू घेणारे भेटले होते, पण ते आपलेच होते, आणि आपल्यांनी घेतलेल्या बाजूने डाव फिरत नसतो.

मार्ताची विनंती होती ती वाघ-शेळीचे नियम मराठीत लिहून देण्याची. बापलेकीने ते तिथेच लिहायला घेतलं. विशाखाने 'स्पर्श' लिहिलं तर साहेबराव म्हणाले, "हात लावनं लिव. पारावरच्याला कळाया पायजे." लिहून झालं, तसा त्यांनी खिशातून आपला मोबाइल काढला, घड्याळ बघितलं आणि तो परत खिशात ठेवला.

"आत्ता नको. ऊन वर येऊ दे. पार भरू दे."

मग ते उठले, अंघोळ केली, आणि इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून भांग पाडून बसले. केसरबाई दारात येऊन बघत राहिली. "कुठं निघालात?"

"कुठंच नाय."

नंबर मोबाइलमध्ये होताच, 'तात्यासाहेब गाव' अशा नावाने. विशाखा चकित झाली. "कधीपासून आहे हा तुमच्याकडे?"

"फोन घेतला तवापासून."

इतकी वर्षं तो नंबर खिशात घेऊन हा माणूस पाळीवर गेला होता, आणि जगाला शिव्या घालायला लावायची भाषा आपण त्याच्यापुढे करत होतो. विशाखाला स्वतःच्या सुडाची एकदम लाज वाटली. किती पोरकट होता तो! साहेबरावांनी मोबाइल तिच्या हातात दिला, सतरंजीवर भिंतीकडे तोंड करून बसले आणि म्हणाले, "हं. लाव."

विशाखाने स्पीकर चालू केला. रिंग बरीच वाजली. मग एकदम कावळे, मोटारसायकल, कुणीतरी तंबाखू मागतंय, आणि त्या सगळ्यावर चढलेला म्हातारा आवाज.

"हालो! कोन बोलतंय?"

"साहेबराव बोलतोय. रांजनगावून."

"कोन? साहेब्या?"

"साहेबराव."

"बोल की. काय काम काढलं?"

"काम काय नाय. खालून बोलतोय."

पारावर कुणीतरी सवयीने हसलं, त्याच्यामागून अजून दोघं. साहेबरावांनी ते हसणं संपू दिलं. मग ते लेकीला म्हणाले, "वाच. सावकाश."

विशाखाने वाचलं. खेळाडूच्या खड्याला फक्त खेळाडूच हात लावतो. लावला, तर डाव तिथंच संपतो. हात लावणारा हरतो.

"ही पोरगी काय वाचू राहिली, रे?"

"वाघ-शेळीचा नियम हाय, तात्या. साऱ्या जगात आता असंच खेळत्यात." साहेबराव थांबले. "लिंबाकडचा कोपरा. ध्यानात हाय का?"

साहेब हा शब्द गळाल्याचं विशाखाच्या लक्षात आलं. आईच्याही आलं असावं, ती उंबऱ्यातच खाली बसली.

पलीकडे मोटारसायकल निघून गेल्याचा आवाज आला. त्यानंतर फक्त कावळे. कुणी हसत नव्हतं. तंबाखू मागणाराही गप्प झाला होता. म्हाताऱ्याने घसा खाकरला आणि आवाज खाली आणला, पण कमी ऐकू येणाऱ्या माणसाचा खाली आणलेला आवाजही पारभर जातो.

"आरं, गंमत केली व्हती रे, साहेबराव."

साऱ्या पाराने ते ऐकलं. केसरबाईने पदर तोंडाशी नेला. विशाखाला वाटलं, आता वडील काहीतरी बोलतील, इतक्या वर्षांचं सगळं.

"व्हय," साहेबराव म्हणाले. "मी बी हसलो व्हतो तवा."

त्यांनी हातानेच पुरे अशी खूण केली. विशाखाने फोन बंद केला.

मग साहेबराव बसल्या जागी वळले. मागच्या वेळचा खडूचा पट फरशीवर अजून पुसट दिसत होता. त्याच्याकडे तोंड करून त्यांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि चिंचोक्यांची बरणी आपल्याकडे ओढली.

"तू वाघ घे," ते लेकीला म्हणाले. "माझ्या शेळ्या मी ठिवतो."